पुसलेल्या पाच ओळी

१

भाद्रपदात आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिलं नाही. निळं आंतरदेशीय पत्र होतं. आत ठसठशीत, गोल अक्षर. उमरग्याच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून कोंडगूळ नावाचं गाव आहे. तिथल्या हालय्याच्या देवळात पूजा करणाऱ्या गिरिजाबाईंनी ते सांगितलं होतं आणि त्यांच्या मुलीनं, शिवप्रियानं, लिहून घेतलं होतं.

"साहेब, तुम्ही अंकात लिहिलंत की हालय्या नावाचा कुणी माणूस झालाच नाही. आमच्या देवाची खोळ गळाली. आत दगडावर अक्षरं निघाली. ती वाचा, मग काय ते सांगा. गाभाऱ्यात मोबाईल चालत नाही म्हणून फोटो नाही. येळवस झाली की नवा शेंदूर चढेल. त्याच्या आधी या."

खोळ म्हणजे शेंदराचं कवच. दगडाच्या देवावर वर्षानुवर्षं तेल आणि शेंदूर चढत जातो, त्याचा दोन-दोन बोटं जाडीचा थर होतो, आणि एखाद्या दिवशी तो आपल्याच वजनानं गळून पडतो. गाव वाजत-गाजत जाऊन ती खोळ नदीत सोडतं. घरात ठेवणं पाप समजतात.

मी धाराशिवच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत असे. आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. एका मासिकाच्या अंकातल्या त्या लेखात मी हालय्याबद्दल लिहिलं होतं ते असं : बाराव्या शतकातला हा संत, पण त्याचा पहिला उल्लेख सापडतो तो तीनशे वर्षांनंतरच्या एका कानडी पुराणात. पुढच्या सगळ्या पोथ्यांनी त्याच पुराणातून उचललं. दहा पोथ्या असल्या तरी साक्षीदार एकच, आणि तोही तीनशे वर्षं उशिरा आलेला. तेव्हा हालय्या झाला असं म्हणायला आधार नाही.

लेख छापून आल्यावर मला दोन रात्री झोप नव्हती. पत्र आल्यावर तर ते पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. अक्षरं खरी असली तर?

मी गेलो नाही. मी फोन केला, तोही गिरिजाबाईंना नाही. कोंडगूळचे शंभुलिंग गुरुजी माझ्या ओळखीचे. निवृत्त मुख्याध्यापक, तीस वर्षं हालय्याचं चरित्र लिहीत होते. त्यांना विचारलं, दगडावर खरंच काही आहे का. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला.

"भेगा हायेत, अण्णाराव. म्हातारीला भेगांत अक्षरं दिसतात."

मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटलं हे खरं.

येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या, दुसऱ्या दिवशी शिवप्रियाचा फोन आला. "सर, अक्षरं गेली. कुणीतरी घासून काढली. अन् आळ माझ्या अव्वावर, आईवर आलाय. येत्या सोमवारी ट्रस्टची बैठक हाय. तिची पूजा काढून घेणार."

२

मंगळवारी एसटीनं कोंडगूळला पोचलो. देवळाच्या पायरीवर ट्रस्टचे अध्यक्ष कल्याणप्पा उभे होते. पांढरा सदरा, कपाळाला विभूतीचे पट्टे, आवाज मोठा.

"या सर, या! तुमी तर म्हणलात देवच झाला न्हाय. आता न झालेल्या देवाच्या दर्शनाला आलात व्हय?"

मी चपला काढून आत गेलो. अशा वेळी मला उत्तर सुचतं ते परतीच्या गाडीत.

गाभाऱ्यात कमरेएवढा काळा दगड होता. वर एक उभा माणूस, शेजारी गाय. खालची वीतभर पट्टी गुळगुळीत, आरशासारखी. बाकी दगड खरबरीत. देवळात नवी फरशी बसवत होते, म्हणून चौकटीला दार नव्हतंच. नुसता ताडपत्रीचा पडदा होता.

"गिरिजाबाईंनी हे केलं कशावरून?" मी विचारलं.

"इटकर आन् राख घेऊन चार दिवस घासत बसली होती. देव चकचकीत करायला गेली आन् अक्षरं घालवून बसली. अडाणी माणूस. दोष देत न्हाय आमी, पण आता पूजेला शिकलेला स्वामी पायजे."

फरशी बसवणारा वीरप्पा कोपऱ्यात पायावर पाणी घेत होता. त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "इटकर आन् राख घेऊन चार दिवस घासत बसली होती म्हातारी."

तेच शब्द. तसेच, त्याच क्रमानं. दोन पोथ्यांत एकच ओळ जशीच्या तशी सापडली की माझ्या मानेवर काटा येतो. तसा आला.

"वीरप्पा, तुम्ही स्वतः बघितलंत?"

"म्या? न्हाय बा. गुरुजी म्हणले."

"आणि कल्याणप्पा, तुम्ही?"

"गुरुजी खोटं बोलतील व्हय? शंभुलिंग गुरुजींनी डोळ्यांनी बघितलं."

म्हणजे साक्षीदार तीन, पण साक्ष एकच. मला पुन्हा ते पुराण आठवलं.

कल्याणप्पा फोन घ्यायला बाहेर गेले. मी वीरप्पाला हळूच म्हटलं, "या दगडावरून एकदा हात फिरवून सांगा. तुमचा धंदा आहे."

त्यानं हात फिरवला. मग बोटं उलटी करून पुन्हा फिरवला.

"सर, काळा दगड इटंनं झिजंल व्हय? बघा, उजेडात वाकून बघा. गोल गोल वळ दिसतात का? चक्तीचे हायेत ते. ग्राइंडरचे." त्यानं हात मागं घेतला. "आन् गावात ग्राइंडर एकच. माझा. येळवशीला हितंच ठेवून म्या रानात गेलतो."

३

येळवस म्हणजे काय ते आमच्या भागात सांगावं लागत नाही. मार्गशीर्षातल्या अमावास्येला अख्खं गाव रानात जेवायला जातं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. गावात कुत्रंसुद्धा उरत नाही. त्या दिवशी देवळात ग्राइंडर चालला असता तर ऐकायला कोण होतं?

वीरप्पाचा संशय मी सोडून दिला. ज्यानं दगड घासला तो, विटेचा बोभाटा झालेला असताना, ग्राइंडरचं नाव स्वतःच्या तोंडानं घेईल कशाला? जी गोष्ट सांगणाऱ्यालाच अडचणीत आणते, ती सहसा बनवलेली नसते. जुन्या पोथ्या वाचताना आम्ही हाच नियम लावतो. भक्तानं आपल्या संताचा मोठेपणा सांगितला तर थांबून विचार करायचा; आणि त्याला झाकावीशी वाटेल अशी गोष्ट सांगितली तर कान टवकारायचे.

गिरिजाबाई अंगणात तूर बडवत होत्या. सत्तरी ओलांडलेली बारीक बाई. मला पाहून हातातली काठी खाली ठेवली नाही.

"आलात? पत्र पोचायला लई दिवस लागले म्हणायचे."

"चुकलं माझं."

"चुकलंच. बसा. शिवप्रिया, सरांना च्या ठेव. साखर घाल, तोंड कडू झालंय त्यांचं."

मी विचारलं, दगड तुम्ही धुतला होता का? त्या लगेच म्हणाल्या, "धुतला की. खोळ पडली त्या दिशी. रिठ्याच्या पाण्यानं, फडक्यानं. एकदाच. समद्यांना सांगितलंय म्या. मग म्हणतात, बघा, कबूल झाली."

"येळवशीला कुठं होतात?"

"रानात. वीस माणसं होती पंगतीला. सांजच्याला दिवा लावाय देवळात गेले तर..." त्या थांबल्या. "सर, आमच्यात ही पूजा आईकडनं लेकीकडं येती. माझ्या आईनं केली, तिच्या आईनं केली. का, ते ठावं न्हाय. लोक हसतात, बायकांचा देव म्हणतात. माझ्यामागं शिवप्रिया करंल म्हणून तिला म्या गावातच दिली. सोमवारी ती काढून घेतली तर मी आईला काय तोंड दाखवू?"

"हालय्याला कुटुंब होतं, असं काही तुमच्या गाण्यांत?"

"छे! तो तर ब्रह्मचारी. गुरुजींचं पुस्तक आलंय की छापून. त्यात लिवलंय."

शिवप्रियानं आतून पुस्तक आणून दिलं. शाईचा वास अजून ताजा होता. मी उमरग्याच्या लॉजवर ते वाचायला घेतलं आणि सतराव्या पानावर माझा हात थांबला.

४

गुरुजींचं चरित्र म्हणजे त्या पुराणाचाच मराठी विस्तार होता. मला ते पुराण जवळजवळ पाठ आहे. गायींनी आपणहून पान्हा सोडला, राजा शरण आला, हालय्या जन्मभर ब्रह्मचारी राहिला, जिवंत समाधी घेतली. ओळीमागून ओळ मी मूळ जागा सांगू शकत होतो.

सतराव्या पानावर होतं : "हालय्यांच्या मातोश्रींचे नाव चिकव्वे."

पुराणात आईचं नाव नाही. एकाही पोथीत नाही. मग हे आलं कुठून?

मला आधी वाटलं, रचलं असेल. संताची आई बिननावाची कशी ठेवायची? पण रचणारा माणूस असं नाव ठेवत नाही. तो पार्वती ठेवील, महादेवी ठेवील. चिकव्वे हे साधं, घरगुती, जुनं नाव. अशी नावं मी पाहिली आहेत ती फक्त आठशे वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत. दिव्याला तेल दिलं, देवाला शेत दिलं, अशा बायकांची. आज त्या गावात कुणाच्या पणजीचंही हे नाव नसेल.

ज्या ग्रंथात हरवलेल्या लेखातला मजकूर सापडतो, त्याच्या कर्त्यानं तो लेख वाचलेला असतो. हे मी तीस वर्षं मुलांना फळ्यावर लिहून दिलं.

म्हणजे शंभुलिंग गुरुजींनी दगड वाचला होता. मला फोनवर भेगा म्हणाले तेव्हाच वाचला असेल. आणि वाचला तो मी विचारलं म्हणून.

पण हा सगळा तर्क. मी सोमवारी बैठकीत उभा राहून एका नावावरून एका मुख्याध्यापकाला चोर ठरवणार? आणि माझं आजवरचं किती बरोबर निघालं होतं? दगड असता तर दाखवता आलं असतं. दगड तर गुळगुळीत झाला होता.

बुधवारी सकाळी पुन्हा गिरिजाबाईंकडे गेलो आणि हे सगळं त्यांना जसंच्या तसं सांगितलं. शेवटी म्हटलं, "नाव खरं आहे असं मला वाटतं. पण सिद्ध करता येत नाही. अक्षरं होती ती आता कुठंच नाहीत."

त्यांनी उठून अंगणात कुणी आहे का ते पाहिलं. मग मुलीला म्हणाल्या, "दाराला कडी लाव."

५

पत्र्याच्या ट्रंकेतून, लग्नातल्या इरकलीच्या घडीतून त्यांनी एक गाठोडं काढलं. आत भाकरीएवढा शेंदराचा तुकडा होता. वरून लालभडक, गोलसर. खालून काळपट.

शिवप्रिया एकदम मागं सरली. "अव्वा! घरात? ही घरात ठेवली तू?"

"खोळ पडली तवा खालचा तुकडा मोडून समईमागं गेला. मिरवणूक गेली, खोळ नदीत गेली, आन् हा मला दुसऱ्या दिशी गवसला. सोडायचा म्हणून पदरात घेतला, आन् हात सुटंना. देवाची कातडी हाय ही, पोरी. माझ्या आईचा हात लागलेला शेंदूर हाय ह्यात. त्याच आठवड्यात म्हस मेली. म्हणलं, पाप भोवलं. तरी सोडवंना."

मी तुकडा हातात घेतला. उलटा केला, दारातल्या फटीच्या उजेडात धरला.

शेकडो वर्षं तो थर दगडाला चिकटून होता. दगडातली खोदलेली अक्षरं शेंदराच्या आतल्या अंगाला उठून आली होती. साच्यात ओतावीत तशी. उलटी.

"आरसा आहे का घरात?"

शिवप्रियानं भिंतीवरचा आरसा काढून दिला. मी तुकडा त्याच्यासमोर धरला. दोन ओळी पूर्ण होत्या, तिसरीची सुरुवात होती. जुनी कानडी लिपी. मी एकेक अक्षर बोटानं दाखवत वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचल्याशिवाय मला धीर झाला नाही.

"काय म्हणतंय?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"हालय्याची मुलगी चिकव्वे. तिनं बापाच्या देवळातल्या दिव्याला तेल दिलंय. आणि देवाची सेवा..." मी थांबून पुन्हा पाहिलं. "देवाची सेवा तिच्या लेकींनी करावी."

गिरिजाबाईंनी पदर तोंडाला लावला.

ब्रह्मचारी संताला मुलगी. कुठला भक्त हे रचील?

६

शंभुलिंग गुरुजी पडवीत खुर्चीवर बसले होते. गुडघ्याला पट्टा. शेजारी त्यांच्या पुस्तकांचे गठ्ठे, सुतळी न सोडलेले.

"येळवशीला तुम्ही रानात गेला नव्हतात," मी म्हटलं.

"गुडघा."

"गुरुजी, चिकव्वे हे नाव तुम्हांला कुठं मिळालं?"

ते हसले. "परंपरा."

"गिरिजाबाईंना माहीत नाही. पुराणात नाही. आणि ती आई नाही, मुलगी आहे."

त्यांचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं. मी खोळीच्या तुकड्याबद्दल सांगितलं. त्यांनी जवळच्या गठ्ठ्याची सुतळी ओढून पाहिली.

"तुमचा फोन आला तवा म्या बॅटरी घेऊन गेलो. सात दिवस रोज गेलो. वाचत गेलो तसं अंगातलं रगत कमी होत गेलं. तीस वर्षं, अण्णाराव. पयल्या पानावर लिवलंय, बालब्रह्मचारी. तुमी म्हणालात हालय्या झालाच न्हाय, तर म्हणलं, ह्या माणसाला दाखवतो. आन् दगड निघाला, तर त्यानं तुमालाबी खोटं पाडलं आन् मलाबी."

"नवा शेंदूर चढणारच होता. झाकलं गेलं असतं."

"पुन्ना गळाला असता की. आज न्हाय, शंभर वर्सांनी. गळतोच तो."

"मग नाव का टाकलंत पुस्तकात? ते नसतं तर मला काही कळलं नसतं."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्या दिवशी प्रथमच नीट पाहिलं.

"खरं होतं म्हणून."

आतून त्यांनी एक शाळेची वही आणली. पाच ओळी, सुंदर अक्षरात, जिथं दगड झिजला होता तिथं टिंबं दिलेली. शेवटच्या ओळीत शकाचं वर्ष होतं. घासण्याआधी त्यांनी सगळा लेख उतरवून घेतला होता.

"माझं नाव लिवणार?" त्यांनी विचारलं.

"माझंही लिहिणार. तुम्ही ग्राइंडर धरलात. मी भेगा म्हणून ऐकलं आणि फोन ठेवून दिला. दोघांनाही तेच हवं होतं."

वही त्यांनी माझ्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. क्षणभर आम्ही दोघं म्हातारे ती दोन टोकांनी धरून बसलो होतो.

७

मी गिरिजाबाईंना विचारलं, "सोमवारी मी तोंडी सांगू का?"

"तुमी? तुमी तर माझ्यासंगं बोलताना चारदा घाम पुसता." त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. "तोंडचं वाऱ्यावर जातं सर. पत्र पाठवलंय ना म्या? पत्रानंच उत्तर द्या. टपालानं येऊ द्या. आमचा पोष्टमन पारावर समद्यांपुढं हाक मारून देतो. शिक्का असला की लोक मानतात."

"पण मग तुकड्याचं लिहावं लागेल. तुम्ही तो घरात ठेवलात हे. त्याशिवाय माझं वाचन कुणी का मानावं? आणि ते लिहिलं तर त्याच कारणानं पूजा काढून घेतील."

शिवप्रिया म्हणाली, "अव्वा, नको. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतच हायेत की. आता खरं म्हणू दे." गिरिजाबाई माझ्याकडे वळल्या. "लिवा. म्या ठेवली म्हणून लिवा. चिकव्वेचं नाव म्या पदरात ठेवलं, त्याचं पाप मला लागू दे."

गुरुवारचा सगळा दिवस लॉजवर लिहिण्यात गेला. सात मसुदे फाडले. प्रत्येक वाक्यापुढं 'बहुधा' लिहीत होतो आणि खोडत होतो. शेवटी काही ठिकाणी ठेवलं, कारण तिथं ते खरं होतं.

मी लिहिलं :

"गिरिजाबाई, तुमच्या पत्राला उत्तर द्यायला साडेतीन महिने उशीर झाला. हालय्या नावाचा माणूस होऊन गेला असं आता मला वाटतं. माझा लेख चुकला. पुराण तीनशे वर्षांनंतरचं आहे. दगडावरचा लेख त्याच्या मुलीनं कोरवून घेतला आहे. भक्त देवाला चमत्कार देतात, पण ब्रह्मचाऱ्याला मुलगी देत नाहीत. गायींच्या पान्ह्याबद्दल, समाधीबद्दल मला काही सांगता येत नाही; दगड त्याविषयी गप्प आहे.

वाचन तुम्ही जपून ठेवलेल्या खोळीच्या तुकड्यावरून केलं आहे. तुकडा तुम्ही घरात ठेवलात, म्हणूनच हे उरलं. उरलेल्या ओळी शंभुलिंग गुरुजींच्या वहीतून घेतल्या. दगड त्यांनी घासला. त्यांनी ते माझ्याजवळ कबूल केलं. वहीतल्या ज्या ओळी तुकड्यावर आहेत त्या तंतोतंत जुळतात, म्हणून बाकीच्याही बहुधा खऱ्या असाव्यात; पण शकाचं वर्ष तुकड्यावर नाही, ते मी खात्रीनं सांगत नाही. गुरुजींनी दगड वाचला तो माझ्या फोनमुळे. मी त्या वेळी स्वतः आलो असतो तर दगड आज शाबूत असता.

देवाची सेवा चिकव्वेच्या लेकींनी करावी, असं तिनं कोरवून ठेवलं आहे. तुम्ही तिच्या वंशातल्या आहात हे मी सिद्ध करू शकत नाही. तुमच्यात ही पूजा आईकडून लेकीकडे येते, एवढं मात्र सगळा गाव जाणतो."

शुक्रवारी सकाळी उमरग्याच्या पोस्टात गेलो. खिडकीतल्या बाईंनी पाकीट तराजूवर ठेवलं, पत्ता वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"कोंडगूळला स्पीड पोस्ट? आजोबा, दहाच्या बसमध्ये बसा, पाकिटाच्या आधी पोचाल."

"सोमवारी जाणारच आहे," मी म्हटलं. "बैठकीत कुणी काही विचारलं तर सांगावं लागेल."

"पाठवणाऱ्याचं नाव लिहिलं नाही तुम्ही."

त्यांनी पेन पुढं केलं. मी पाकीट उलटं केलं, नाव घातलं, पूर्ण पत्ता घातला. बाईंनी ते ओढून घेतलं आणि शिक्का मारला.